छ्यांगिक भाषांची ओळख करून घ्यायचीय? आधी नद्या, मग आवाज, आणि झाड सगळ्यात शेवटी

तिबेटी-बर्मी भाषांबद्दल, म्हणजे तिबेटी, बर्मी आणि त्यांच्या नात्यातल्या भाषांबद्दल, थोडंफार वाचायला लागलं की कधीतरी ‘छ्यांगिक’ हे नाव समोर येतंच, चीनच्या सिच्वानमधल्या डोंगरी भाषांचा एक गट म्हणून. मग आपण उत्साहाने एखादं वंशवृक्षाचं चित्र उघडतो आणि त्यात ग्यालरोंग, होरपा, मुन्या, नामुयी, शीशिंग, एरसू अशी दहा-पंधरा अनोळखी नावं दिसतात, प्रत्येकाची परत दोन-तीन पर्यायी नावं, आणि दुसरीकडे बघावं तर झाडच वेगळं. बहुतेक लोक इथेच गळतात. माझं म्हणणं असं की हे झाड पाठ करायला जाऊच नका, कारण त्यावर अजून जाणकारांचंच एकमत नाहीये. आधी जागा समजून घ्या, मग आवाज, आणि आवाज कळले की वर्गीकरणाचं भांडण नेमकं कशावरून आहे ते बऱ्यापैकी आपोआप कळतं.

पायरी १: नकाशा उघडा आणि नद्या शोधा

चीनच्या सिच्वान प्रांताचा पश्चिम भाग बघा. छंगतूचं सपाट मैदान संपतं आणि एकदम डोंगर सुरू होतात, तिथून पश्चिमेकडे जाताना एकामागून एक उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या नद्या लागतात, आधी मिन, मग तातू, मग यालुंग, पुढे जिनशा. दऱ्या भयंकर खोल, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर उंच खिंड चढून उतरायची. प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी का झाली हे नकाशा बघितला की वेगळं सांगावं लागत नाही.

आता भाषा जागेवर ठेवा. मिनच्या वरच्या खोऱ्यात माओश्यान, वेनछ्वान, लीश्यान, हेइश्वे या भागात खुद्द छ्यांग भाषा, तिच्या उत्तरी आणि दक्षिणी अशा दोन जाती, आणि त्या एकमेकींपासून इतक्या लांब गेल्यात की दोन वेगळ्या भाषा मानणंच बरं. तातूच्या वरच्या अंगाला बारकामच्या आसपास ग्यालरोंग गट, म्हणजे सितू, जापुग, त्शोबदुन आणि झबू. त्याच्या पश्चिमेला होरपा, तिची दाओफूकडची जात स्ताऊ म्हणून ओळखली जाते, आणि मध्ये ख्रोस्क्याब्स. खांगतिंगच्या पश्चिमेला मुन्या, तातूच्या घळीत ग्वेछ्युंग, यालुंगच्या बाजूला झाबा आणि छ्येयू. अजून दक्षिणेला एरसू आणि तिची भावंडं लिझू नि तोशू, आणि मुली जिल्ह्यात तर शीशिंग, नामुयी, पुमी, लिझू सगळ्या एकाच जागी कोंबल्यासारख्या. पुमी मात्र खाली युन्नानपर्यंत पसरलीय. आणि एक मेलेली भाषा, तांगुत, ती या सगळ्यांपासून लांब उत्तरेला, तिच्याकडे नंतर येतो.

नद्यांपासून सुरुवात करायचं अजून एक कारण आहे. या भाषांमध्ये क्रियापदाच्या आधी दिशा सांगणारे उपसर्ग लागतात, वर, खाली, नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, आत, बाहेर वगैरे, उत्तरी छ्यांगमध्ये असे आठ आहेत. नुसतं ‘गेला’ म्हणून भागत नाही, नदीच्या कुठल्या बाजूला गेला तेही क्रियापदात सांगावं लागतं, आणि वर हेच उपसर्ग काम पूर्ण झालं हे दाखवायला आणि आज्ञा द्यायलाही वापरतात. हे लक्षात ठेवा, वर्गीकरणात याचा मोठा रोल आहे.

पायरी २: जमात आणि भाषा यांची गल्लत करू नका

इथे जवळपास प्रत्येक नवखा अडकतो. चीन सरकारच्या यादीत ‘छ्यांग’ ही एक मान्यताप्राप्त जमात आहे, लोकसंख्या साधारण तीन लाख, पण त्यातल्या पुष्कळ जणांची भाषा आता चिनी झालीय. उलट हेइश्वेचे लोक उत्तरी छ्यांग बोलतात पण कागदोपत्री तिबेटी आहेत. ग्यालरोंग, होरपा, मुन्या, झाबा, शीशिंग, नामुयी बोलणारेसुद्धा सरकारदरबारी तिबेटीच. पुमींची तर अजून गंमत, युन्नानमध्ये त्यांना वेगळी जमात म्हणून मान्यता आहे आणि सिच्वानमधले पुमी बोलणारे तिबेटी म्हणून मोजले जातात. तेव्हा जनगणनेचा आकडा बघून ‘अमुक भाषा इतके लोक बोलतात’ असं काही ठरवायला जाऊ नका.

‘छ्यांग’ हे नावही बाहेरच्यांनी दिलेलं. प्राचीन चिनी लेखांमध्ये पश्चिमेकडच्या लोकांना हा शब्द सरसकट वापरलाय, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचे छ्यांग म्हणजेच आजचे छ्यांग असं सरळ समीकरण मांडता येत नाही. छ्यांग लोक स्वतःला ‘र्मा’ किंवा त्याच्याच जवळचं काहीतरी म्हणतात, गावागणिक उच्चार बदलतो. या लोकांबद्दल तर्कटंही खूप झालीत, टॉमस टोरन्स नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने १९३७ मध्ये हे प्राचीन इस्रायलींचे वंशज आहेत असं अख्खं पुस्तक लिहून मांडलं होतं. भाषेकडे बघितलं तर त्याला काडीचाही आधार नाही.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे बरं का. या भाषांच्या अगदी सुरुवातीच्या शब्दयाद्या छापल्या गेल्या त्या कलकत्त्यात. काठमांडूला ब्रिटिश रेसिडेंट राहिलेला आणि नंतर दार्जिलिंगला स्थायिक झालेला ब्रायन हॉजसन, त्याने ग्यारुंग, होरपा, थोचू, मान्यक अशा नावांनी शब्द गोळा केले आणि १८५३ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापले. थोचू म्हणजे छ्यांगचाच एक प्रकार, मान्यक म्हणजे मुन्या. स्वतः त्या डोंगरात न जाता केलेलं काम आहे, तरी त्या काळाच्या मानाने कमाल.

पायरी ३: तोंड तयार करा

आता खरी मजा. मराठी बोलणाऱ्याला इथे काही गोष्टी फुकटात मिळतात.

पहिली म्हणजे दोन प्रकारचे च आणि ज. ‘चार माणसं’ मधला चार आणि ‘गुरं चार’ मधला चार, किंवा ‘सारं जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’, लिहितो एकच पण बोलताना वेगळं. हा फरक छ्यांगिक भाषांमध्ये सर्रास आहे आणि बऱ्याच भारतीय भाषिकांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. पण इथे थांबायचं नाही, कारण यांच्याकडे तिसरा च पण असतो, जीभ मागे वळवून, ट आणि ष एका झटक्यात एकत्र म्हटल्यासारखा. उत्तरी छ्यांगमध्ये हे तिन्ही वेगवेगळे आहेत. जापुगमध्ये या तिघांच्या वर अजून एक तालव्य स्पर्शही (स्पर्श म्हणजे हवा पूर्ण अडवून सोडलेला आवाज, क, त, प सारखा) आहे, क्य आणि च यांच्या मधला. शिवाय दंत्य च ची महाप्राण जोडी, म्हणजे ‘गुरं चार’ मधला च घेऊन त्याच्यामागे हवा सोडलेली, ती मराठीत नाही, आपला छ नेहमी तालव्य असतो. ती घोटावी लागेल.

दुसरी, अल्पप्राण-महाप्राण. प, फ, ब असा तिहेरी भेद या भाषांमध्ये मिळतो, आपल्याला सोपा. भ, ध, घ यांची गरजच नाही. फक्त फ म्हणताना ओठ पूर्ण मिटा, ‘फोन’ वाला फ आणू नका.

तिसरी, शब्दाच्या सुरुवातीचा ङ. आपल्याला तो ‘अंग’ मध्ये माहितीय, सुरुवातीला म्हणायचा सराव नाही, पण तासाभरात जमतो. जापुगसारख्या भाषेत अनुनासिक चिकटलेले स्पर्शही असतात: ‘आंबा’ म्हणा, आ काढून टाका, उरलेलं म्बा हे एकच व्यंजन समजा.

आता अवघड भाग. पडजिभेपाशी होणारे आवाज हे या भाषांचं मोठं वैशिष्ट्य. उर्दूतला क़ नीट म्हणता येत असेल तर अर्धं काम झालं. तीच जागा ठेवून घर्षण केलं की ख़ आणि त्याला घोष (गळ्याचा कंप) दिला की ग़. मी इथे नुक्ता देऊन तेच दाखवतोय. महत्त्वाचं म्हणजे साधा क आणि क़ हे दोन वेगळे वर्ण आहेत, एकाच्या जागी दुसरा वापरला तर शब्दच बदलतो. रोमन लिपीत वाचताना अजून एक सापळा आहे, चिनी नावांच्या रोमन स्पेलिंगमधला क्यू हा छ सारखा असतो आणि ध्वनिलिपीतला क्यू म्हणजे हा क़, दोन्ही एकाच पानावर येतात आणि डोक्याचा भुगा होतो.

मग अघोष म, न, ल. इथे मराठी माणूस हमखास चुकतो कारण आपल्याला वाटतं हे तर आपलं म्ह आणि ल्ह. नाही. ‘म्हण’ मधला म्ह घोष असतो, गळा कंप पावतो. पुमी, शीशिंग यांसारख्या भाषांमधला अघोष म म्हणजे ओठ मिटून नुसती नाकातून हवा, कंप शून्य, आणि मग स्वर. गळ्यावर बोट ठेवून तपासा. ल्हासा हे नाव आपण ‘ल्हान’ सारखं म्हणतो, तिबेटीत तिथे अघोष ल आहे, तोच हा.

स्ताऊ आणि पुमीच्या काही बोलींमध्ये महाप्राण स सुद्धा आहे, म्हणजे साधा स आणि हवा सोडलेला स वेगळे. जगात फार कमी भाषांमध्ये हे सापडतं. सुरुवातीला कानाला फरकच कळत नाही, सोडून द्या, सहा महिन्यांनी परत या.

स्वरांबद्दल थोडक्यात. ऊ म्हणा पण ओठ गोल करू नका, हा स्वर जापुगमध्ये पावलोपावली लागतो. उलट ई म्हणून ओठ गोल करा, हा जापुगमध्ये देशी शब्दांपैकी फक्त ‘मासा’ या एका शब्दात आहे, बाकी चिनी उसन्या शब्दांत. एका माशासाठी अख्खा स्वर! उत्तरी छ्यांगमध्ये र चा रंग असलेले स्वर आहेत, स्वर चालू असतानाच जीभ वळते. मावो वगैरे काही बोलींमध्ये तोच स्वर जिभेचा मागचा भाग पडजिभेकडे ओढून वेगळा म्हणतात, हे गेल्या काही वर्षांत अल्ट्रासाउंड लावून वगैरे तपासलं गेलंय. आणि एरसू, लिझूमध्ये घरघर असलेले स्वर, स्वर आणि झ मिसळल्यासारखे.

पायरी ४: जोडाक्षरांना घाबरू नका, उलट तिथूनच सुरुवात करा

जापुगमध्ये व्यंजनं पन्नास आणि शब्दारंभीची जोडाक्षरं चारशेच्या घरात. ऐकायला भयानक वाटतं, पण देवनागरी वाचणाऱ्याला जोडाक्षर ही काय नवीन गोष्ट नाही. नवशिक्याने जापुगचे अंक घ्यावेत असं मी नेहमी सुचवतो. दोन ग़्नुज़, तीन ख़्सुम, चार कुव्दे, पाच कुम्ङु, सात कुश्नुज़, आठ कुर्चत, दहा स्क़ी. (पाचमधला शेवटचा उ सोडला तर उ सगळीकडे ओठ न गोल करता.) चार ते नऊ या सगळ्यांना पुढे ‘कु’ लागलेला दिसेल, तो उपसर्ग आहे, तो बाजूला ठेवा.

आता शेजारी तिबेटी स्पेलिंग ठेवा. तीनला तिबेटीत लिहितात ग्सुम, आठला ब्र्ग्यद, पाचला ल्ङ. ल्हासात आज बोलताना फक्त सुम म्हणतात, ग गेला. बाल्टिस्तानात, जिथली बाल्टी ही तिबेटीचीच नातलग, मात्र अजून ख़्सुम ऐकू येतं. म्हणजे तिबेटी लिपीत हजारेक वर्षांपूर्वी गोठलेला आवाज, आणि जापुगचा आजचा जिवंत आवाज, हे समोरासमोर बसतात, शेवटचे म आणि त सकट. आता दक्षिणेला एरसू, लिझूकडे जा, तिथे तीन म्हणजे नुसता स आणि एक स्वर. पुढचं व्यंजन गेलं, मागचं म गेलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना शब्द असे झिजत जातात.

पण इथेच एक मोठी फसगत आहे. उत्तरी छ्यांगमध्येसुद्धा शब्दाच्या शेवटी व्यंजनं भरपूर, कधीकधी दोन-दोन, म्हणून ती जापुगसारखी जुनी आहेत असं वाटतं. ती जुनी नाहीत. जुनी शेवटची व्यंजनं आधीच गळून गेली होती, नंतर दोन अक्षरी शब्दांमधल्या दुसऱ्या अक्षराचा स्वर पडला आणि त्याचं व्यंजन पहिल्याला येऊन चिकटलं. मराठीत ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ बोलत नाही, त्याच जातीची प्रक्रिया. तेव्हा एखाद्या भाषेत शेवटी व्यंजन दिसलं म्हणून तिला पुरातन ठरवू नका, ते व्यंजन कुठून आलं हे आधी विचारा.

पायरी ५: टोन

टोन म्हणजे सूर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थच बदलणं, चिनीसारखं. इथे नियम म्हणून नाही पण कल म्हणून लक्षात ठेवा: जिथे जोडाक्षरं भरपूर तिथे टोन नाही किंवा नावापुरता, जिथे शब्द झिजले तिथे टोन. उत्तरी छ्यांगला टोन नाही, दक्षिणीला आहे, आणि दक्षिणीत चिनीचा प्रभावही जास्त. जापुगला नाही, पण तिची सख्खी बहीण सितू हिच्या बोलींमध्ये सुराचे भेद नोंदलेत. पुमी आणि शीशिंगमध्ये टोन आहे, मात्र तो चिनीसारखा प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र नाही, अख्ख्या शब्दावर पसरतो, जपानीच्या जवळ जाणारा. चिनी शिकलेल्यांनी इथे प्रत्येक अक्षराला नंबर द्यायची सवय सोडावी.

पायरी ६: आता झाड

‘छ्यांगिक’ हा गट नीट मांडला तो चिनी भाषाशास्त्रज्ञ सुन होंगखाय यांनी, १९८३ मध्ये सहा नद्यांच्या खोऱ्यांतल्या भाषांवरच्या लेखात. निकष काय होते? बरेचसे वरचेच: दिशादर्शक उपसर्ग, पडजिभेचे आवाज, जोडाक्षरं, शिवाय समान शब्द. अशा साधारण तेरा जिवंत भाषा एका छत्राखाली आल्या.

अडचण अशी की यातल्या कित्येक गोष्टी एका पूर्वजाकडून आलेल्या असायलाच हव्यात असं नाही. ळ चं बघा. मराठीत ळ आहे, कन्नडमध्ये आहे, तेलुगूत आहे, हिंदीत नाही. म्हणून मराठी आणि कन्नड एका घराण्याच्या ठरत नाहीत, शेजारामुळे आवाज टिकतात, पसरतात. दुसरं म्हणजे जुनी गोष्ट जपून ठेवणं हा नात्याचा पुरावा नाही. जोडाक्षरं आधी सगळ्यांकडेच असतील तर ज्या दोघींनी ती टाकली नाहीत त्या त्यामुळे बहिणी होत नाहीत. बहीण ठरवायला एकत्र केलेला बदल दाखवावा लागतो. वर्गीकरण वाचताना फक्त हा एक प्रश्न विचारत राहा, हे जपलेलं आहे की नवीन केलेलं, निम्म्या दाव्यांची हवा तिथेच निघून जाते.

भाषाशास्त्रज्ञ कात्या चिरकोवा यांनी २०१२ मध्ये नेमकं मुली जिल्ह्यातल्या चार ‘छ्यांगिक’ भाषा घेऊन दाखवलं की त्या एकमेकींपासून फारच वेगळ्या आहेत आणि गटाची म्हणून सांगितलेली लक्षणं शेजारपाजारातून पसरलेली वाटतात, म्हणजे छ्यांगिक हा घराण्यापेक्षा प्रदेश जास्त. त्याच्या आदल्या वर्षी गियोम जाक आणि अलेक्सी मिशो यांनी वेगळं झाड मांडलं होतं, त्यात नाशी आणि ना या भाषा, एरसूचा गट आणि छ्यांगिक हे एकत्र, आणि त्या सगळ्यांचं नातं बर्मी-यी भाषांशी. मला विचाराल तर एक गोष्ट भक्कम वाटते, ती म्हणजे ग्यालरोंग, ख्रोस्क्याब्स आणि होरपा यांचा गट, ज्याला ग्यालरोंगिक म्हणतात. तिथे क्रियापदाची रचना इतकी गुंतागुंतीची आणि इतकी जुळणारी आहे की शेजारून उचलली म्हणणं कठीण. मुन्या, पुमी वगैरेंचं स्थान त्या मानाने ढिलं. एरसू आणि नामुयी यांना छ्यांगिक म्हणताना मी तरी सध्या प्रश्नचिन्ह लावूनच म्हणेन.

पायरी ७: तांगुतला विसरू नका

तांगुत लोकांचं पश्चिम श्या हे राज्य १०३८ ते १२२७, मंगोलांनी संपवलं. त्यांची लिपी सुमारे सहा हजार चिन्हांची, दिसायला चिनीसारखी पण चिनी येणाऱ्याला एक अक्षर वाचता येणार नाही. रशियन प्रवासी कोझलोव्हने १९०८-०९ मध्ये खारा-खोतो या वाळूत गाडलेल्या शहरातून तांगुत ग्रंथांचा ढीग सेंट पीटर्सबर्गला नेला. लिपीतून उच्चार थेट कळत नाही, म्हणून तांगुतांनी स्वतः केलेल्या यमककोशांवरून (यमकानुसार शब्द लावलेले कोश) आणि तिबेटी, चिनी लिप्यंतरांवरून तो उभा करावा लागतो.

या भाषेचा उपयोग कळायला ‘खाणे’ हा शब्द घ्या. तिबेटीत ज़ा, जापुगमध्ये न्द्ज़ा, तांगुतमध्ये मात्र आ चा ई झालेला, द्ज़ी सारखं काहीतरी. हा आ वरून ई-ए कडे जाणारा बदल भाषाशास्त्रज्ञ मॅटिसॉफ यांनी छ्यांगिकचं लक्षण म्हणून मांडला होता, आणि जापुगमध्ये इथे तो दिसत नाही, म्हणजे हा निकषही सरसकट लागू पडत नाही. २०२० मध्ये लाय युनफान आणि सहकाऱ्यांनी तांगुत ही पश्चिम ग्यालरोंगिक, म्हणजे होरपा आणि ख्रोस्क्याब्सच्या बाजूची आहे असं मांडलं. हे मान्य केलं तर आजच्या होरपा गावांमधला उच्चार हा आठशे वर्षांपूर्वीच्या लिपीची किल्ली ठरतो, त्यामुळे सध्या सगळ्यात जोरात काम इथेच चाललंय.

आता प्रत्यक्ष काय करायचं

आधी आयपीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिका, त्याला पर्याय नाही, देवनागरीत मी ओढूनताणून लिहिलंय पण खऱ्या कामाला ते पुरणार नाही. मग फ्रान्सच्या पांगलॉस या ऑनलाइन संग्रहात जा, तिथे जापुगच्या गोष्टी आवाज आणि लिखाणासकट फुकट ऐकता येतात. एखाद्या गोष्टीतले फक्त अंक आणि क़ ने सुरू होणारे शब्द पकडायचा प्रयत्न करा, जापुगमध्ये प्राण्यांच्या नावांना ‘क़ा’ पुष्कळदा लागतो, मेंढी क़ाझो, त्यामुळे ते पटकन सापडतात. जापुगचं भलंमोठं व्याकरण २०२१ पासून मोफत उपलब्ध आहे, पण ते दीड हजार पानांच्या आसपास आहे, सुरुवातीपासून वाचायला घेऊ नका, ध्वनींचं प्रकरण वाचा आणि बाकी शोधून शोधून वापरा. शीशिंग, लिझू आणि एरसूसाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेच्या जर्नलमध्ये छोटे लेख आहेत, सोबत रेकॉर्डिंग. जापुगनंतर दुसरी भाषा घ्यायची तर उत्तरी छ्यांग घ्या असं लोक सांगतात, मी लिझू सांगेन, कारण एकीकडे चारशे जोडाक्षरं आणि दुसरीकडे झिजून गुळगुळीत झालेले शब्द असे दोन्ही कान तयार झाले की मधल्या सगळ्या भाषा कुठे बसतात ते स्वतःच तपासून बघता येतं.